धागे मोजणाऱ्या कापड दुकानदाराला पन्हाळीतल्या वाळक्या धुळीत जिवंत प्राणी सापडले

मे महिन्यातलं सोलापूर डोळ्यासमोर आणा. पारा चाळिशीच्या वर. भुईकोट किल्ल्याच्या तटाला हात लावला तर चटका बसतो. पावसाळ्यात याच दगडांवर हिरवंगार मखमली शेवाळ असतं, पण मे महिन्यात तिथं काळपट, करकरीत वाळलेला पापुद्रा उरलेला असतो. नखानं खरवडला तर चुरा होऊन पडतो.

आता हा चुरा बशीत घ्या, वर चमचाभर पाणी टाका आणि काही तास थांबा. मग त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवा. त्या मेलेल्या वाटणाऱ्या चुऱ्यातून काहीतरी हलायला लागण्याची बरीच शक्यता आहे. काचेसारखं पारदर्शक अंग, पुढं दोन गरागरा फिरणारी चाकं, मागं शेपटीसारखा पाय. चालणं हुबेहूब जळूसारखं.

या प्राण्याला म्हणतात रोटिफर. लॅटिनमध्ये याचा अर्थ चाक वाहणारा. आपल्याकडं चक्रधर म्हणता आलं असतं, पण ते नाव आधीच मोठ्या माणसाचं आहे, म्हणून रोटिफरच म्हणूया.

तर, वाळून कोळ झालेला हा प्राणी पाणी मिळताच उठून चालायला लागतो, हे जगात सगळ्यात आधी कुणी पाहिलं? एखाद्या विद्यापीठातल्या प्राध्यापकानं? नाही. ते पाहिलं एका कापड दुकानदारानं. गडी कॉलेजला गेला नव्हता, त्याला लॅटिन येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. आणि त्यानं हे पाहिलं तेव्हा त्याचं वय सत्तरीला टेकलं होतं.

नाव अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचलंय. जिवाणूंचा शोध, एक मार्काचं उत्तर, संपला विषय. पण त्या एका मार्कात माणूस मावत नाही.

ल्युवेनहॉक जन्मला २४ ऑक्टोबर १६३२ रोजी, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांपेक्षा दोन-अडीच वर्षांनी लहान. त्या काळात डच म्हणजे आपले वलंदेज जगभर गलबतं हाकत होते. आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं एक कार्यालय डेल्फ्टमध्येही होतं. गाव छोटं, पण मसाल्याचा आणि कापडाचा वास तिथपर्यंत पोचलेला.

अँटोनीचे वडील टोपल्या विणायचे. पोरगं पाच-सहा वर्षांचं असतानाच ते वारले. आईनं दुसरं लग्न केलं, पोराला बाहेरगावी शाळेत ठेवलं, मग काही काळ एका नातेवाइकाकडं. सोळाव्या वर्षी तो ॲमस्टरडॅमला गेला आणि एका स्कॉटिश कापड व्यापाऱ्याच्या पेढीत हिशोबाच्या कामाला लागला.

इथं सोलापूरकरांना गोष्ट ओळखीची वाटेल. कापडाच्या धंद्यात माल हातात घेतला की पहिला प्रश्न असतो, इंचात धागे किती? ताणा किती, बाणा किती? चादर असो की टॉवेल, वीण घट्ट आहे की विरळ हे नुसत्या डोळ्यानं कळत नाही. म्हणून धागे मोजायचं छोटं भिंग असतं. कापडावर ठेवायचं, डोळा लावायचा, मोजायचं. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली, नंतर यंत्रमाग आले, पूर्व भागात घराघरात खडखडाट सुरू झाला, तरी हे भिंग काही सुटलं नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधला कापड व्यापारीसुद्धा भिंगातूनच वीण तपासत होता.

१६५४ मध्ये अँटोनी डेल्फ्टला परतला, लग्न केलं आणि कापडाचं स्वतःचं दुकान टाकलं. पुढं गावच्या पालिकेत त्याला नोकरी मिळाली. पद कोणतं, तर सभागृहाची देखभाल करायची, झाडलोट आणि शेकोटी बघायची. नंतर त्यानं जमीन मोजणीची परीक्षा दिली. वाइनची पिंपं मोजून त्यावर कर लावायचं कामही त्याच्याकडं आलं. थोडक्यात काय, आयुष्यभर या माणसानं मोजमाप केलं. धागे मोजले, जमीन मोजली, पिंपं मोजली.

घरात सुख फार नव्हतं. पहिल्या बायकोपासून पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. उरली एकटी मारिया. १६६६ मध्ये बायकोही गेली. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं, ती बायकोही त्याच्या आधी गेली. शेवटपर्यंत बापाजवळ राहिली ती मारियाच. ती या गोष्टीत परत येणार आहे.

जाता जाता एक गंमत. प्रसिद्ध चित्रकार व्हर्मीर याच गावचा, याच महिन्यात जन्मलेला. व्हर्मीर कर्जात बुडून वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघायला पालिकेनं नेमलेला माणूस होता ल्युवेनहॉक.

आता भिंगाकडं येऊ.

१६६५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हूकनं मायक्रोस्कोपमधून दिसणाऱ्या गोष्टींचं एक मोठं सचित्र पुस्तक काढलं. पिसवा, बुरशी, बुचाच्या पेशी. युरोपात त्या पुस्तकानं धुमाकूळ घातला. हूकचा मायक्रोस्कोप दोन भिंगांचा होता, आजच्यासारखा नळीचा. पण त्या काळच्या दोन भिंगांत चित्र धूसर व्हायचं, कडेला रंग फुटायचे.

ल्युवेनहॉकनं दुसरा रस्ता धरला. एकच भिंग, पण अगदी छोटं, मोहरीच्या दाण्याएवढं. ते पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पत्र्यांमध्ये बसवायचं. मागं एक सुई, सुईच्या टोकावर बघायची वस्तू, आणि सुई पुढंमागं करायला स्क्रू. सगळं यंत्र मिळून दोन बोटांएवढं. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवून, उजेडाकडं तोंड करून बघायचं. आज शिल्लक असलेल्या यंत्रांपैकी सगळ्यात ताकदवान यंत्र उट्रेक्टमध्ये आहे, ते वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखवतं. अशी पाचशेच्या वर भिंगं त्यानं स्वतःच्या हातानं केली. आणि ती कशी केली हे कुणालाही सांगितलं नाही.

१६७३ मध्ये डेल्फ्टमधलाच एक नावाजलेला डॉक्टर, रेनिअर द ग्राफ, यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की आमच्या गावात एक माणूस आहे, त्याची भिंगं तुमच्या सगळ्यांपेक्षा भारी आहेत. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला आणि पुढं पन्नास वर्षं चालला. ल्युवेनहॉक बोलीभाषेतल्या डचमध्ये पत्र लिहायचा, लंडनवाले भाषांतर करून छापायचे. पत्रं पण कशी, विषय सोडून शेजाऱ्यापर्यंत जाणारी. आज सकाळी काय खाल्लं, पाणी कुठल्या भांड्यात घेतलं, वारा कुठून होता, सगळं त्यात. वाचायला पाल्हाळ वाटतं. पण त्यामुळंच आज तीनशे वर्षांनीही त्याचा प्रयोग जसाच्या तसा करून बघता येतो.

सगळ्यात मोठी भानगड झाली ती मिरीमुळं.

काळी मिरी जिभेला का झोंबते हे त्याला शोधायचं होतं. त्याला वाटलं, मिरीच्या कणांना बारीक काटे असतील, ते टोचत असतील. म्हणून त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली. काटे काही सापडले नाहीत. पण काही दिवसांनी त्या पाण्यात इतके बारीक जीव वळवळताना दिसले की आधी पाहिलेले सगळे जीव त्यापुढं राक्षस वाटावेत. ते जिवाणू होते. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्यानं लंडनला लांबलचक पत्र पाठवलं.

लंडनवाल्यांचा विश्वास बसला नाही. आणि त्यांची चूकही म्हणता येणार नाही. एक दुकानदार सांगतोय की पाण्याच्या थेंबात हजारो प्राणी आहेत, आणि वर म्हणतोय की बघायची युक्ती सांगणार नाही. तुम्ही-आम्ही तरी विश्वास ठेवला असता का?

ल्युवेनहॉकनं मग काय केलं, तर साक्षीदार गोळा केले. धर्मगुरू, नोटरी अशी आठ प्रतिष्ठित माणसं बोलावली, त्यांना भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या सहीची पत्रं लंडनला पाठवली. सातबाऱ्यावर सही घ्यावी तसं. तिकडं हूकलाही प्रयोग करून बघायला सांगितलं होतं. त्याला आधी काही दिसेना. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये त्यालाही ते जीव दिसले आणि सोसायटीच्या सभासदांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. १६८० मध्ये दुकानदार रॉयल सोसायटीचा फेलो झाला. हा सन्मान घ्यायला तो लंडनला गेला नाही.

पुढं त्यानं काय काय पाहिलं याची यादी द्यायला बसलो तर रात्र होईल. शुक्रजंतू पाहिले, स्नायूंच्या पट्ट्या पाहिल्या, दातावरच्या किटणातले जिवाणू पाहिले. त्यासाठी आयुष्यात कधीच दात न घासलेला एक म्हातारा त्यानं शोधून काढला होता. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर बोटीनं डेल्फ्टला आला, त्याला यानं ईल माशाच्या शेपटीतून रक्त धावताना दाखवलं.

पण आपला विषय आहे पन्हाळ.

ल्युवेनहॉकच्या घराच्या पुढच्या बाजूला छपराचं पाणी वाहून नेणारी शिशाची पन्हाळ होती. ऑगस्ट महिन्यात त्या पन्हाळीत साचलेलं पावसाचं पाणी त्याला लालसर दिसलं. दुसरा कुणी असता तर गंज म्हणून सोडून दिलं असतं. यानं थेंब घेऊन भिंगाला लावला. लाल रंग एका सूक्ष्म शैवालाचा होता. आणि त्या शैवालात फिरत होते चाकं असलेले प्राणी. असा एक प्राणी इंग्लंडच्या जॉन हॅरिसनं १६९६ मध्ये नोंदवला होता, त्यामुळं नुसता प्राणी दिसणं ही मोठी गोष्ट नव्हती. मोठी गोष्ट पुढं झाली.

पाणी आटलं. पन्हाळीत राहिला वाळका गाळ. आपल्या नायकाला प्रश्न पडला, ते प्राणी गेले कुठं?

त्यानं गाळ गोळा केला, पूर्ण वाळू दिला. मग काचेच्या बारीक नळीत थोडा गाळ घातला आणि त्यावर पाणी ओतलं. पाणी कुठलं, तर उकळून गार केलेलं पावसाचं पाणी. इथं थांबा, कारण सगळी मेख या उकळण्यात आहे. त्या काळात बहुतेक शिकलेली माणसं मानायची की चिखलातून, कुजक्यातून प्राणी आपोआप तयार होतात. ल्युवेनहॉकला हे अजिबात मान्य नव्हतं. नळीत प्राणी दिसले तर लोक म्हणणार, ते पाण्यातूनच आले. म्हणून पाणी आधी उकळलं. आता प्राणी दिसले तर ते त्या धुळीतलेच, दुसरीकडून येण्याचा संबंधच नाही.

तासाभराच्या आत गाळातले बारीक गोळे हलायला लागले. अंग लांबलं, पाय काचेला चिकटला, चाकं फिरायला लागली.

गडी तिथं थांबला नाही. तो वाळका गाळ त्यानं कागदात गुंडाळून ठेवून दिला. काही महिने गेले. पुन्हा थोडा घेतला, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा तेच. १७०२ च्या पत्रांत त्यानं हे सगळं लिहून काढलं.

त्याच सुमारास आपल्या मुलखात काय चाललं होतं तेही सांगतो. मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी माचणूर आहे, तिथं १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. तिथून उठून बादशहा मराठ्यांचे किल्ले घ्यायला निघाला आणि १७०२ मध्ये तो विशाळगडाशी झुंजत होता. भीमेच्या वाळवंटातल्या दगडांवरही तेव्हा हेच शेवाळ असणार. बघायला कुणाकडं सवड असणार, ते सोडा.

आता ल्युवेनहॉकनं या प्रकाराचा अर्थ काय लावला? प्राणी मरून परत जिवंत होतात असं तो म्हणाला नाही. त्याचं म्हणणं असं होतं की या प्राण्यांची कातडी इतकी घट्ट असावी की आतला ओलावा बाहेर पडत नाही. म्हणजे ते मेलेलेच नसतात, बंद डब्यात बसलेले असतात. वाऱ्यानं धूळ उडते, पक्ष्यांच्या पायाला चिखल लागतो आणि हे प्राणी असे गावोगाव पोचत असतील, हेही त्यानं लिहिलं. छपरावर प्राणी कुठून आले याचं त्याचं उत्तर हेच.

वाऱ्याचं बरोबर निघालं. कातडीचं चुकलं. आज आपल्याला माहीत आहे की अंगातलं जवळजवळ सगळं पाणी खरोखर निघून जातं. प्राणी डोकं आणि पाय आत ओढून घेतो, अंगाचा गोळा करतो आणि हळूहळू सुकतो. या काळात खाणं नाही, वाढ नाही, शरीराचं काम जवळपास थांबलेलं. सुकताना त्याचा डीएनए सुद्धा तुटतो, पाणी मिळालं की तो परत जोडून घेतो. हीच जोडणी येत असल्यामुळं किरणोत्सर्गही हे प्राणी आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त सोसतात, असं २००८ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

चाकांच्या बाबतीतही म्हाताऱ्याची फसगत झाली. त्याला ती घड्याळातल्या दातेरी चाकांसारखी, खरोखर फिरणारी वाटली. पण विचार करा, अंगाला जोडलेलं चाक गोल गोल फिरलं तर त्याच्या नसा पिळून निघतील की. प्रत्यक्षात तिथं असतात केसांसारखे बारीक तंतू. ते एकामागोमाग एक वाकतात. लग्नाच्या मांडवावर दिव्यांची माळ धावताना दिसते, दिवे जागेवरच असतात, तसंच. ही लाट पाण्यात भोवरा तयार करते आणि खाणं थेट तोंडात येतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला दिसला तर तो रोटिफर आहे आणि कुठला आहे हे ओळखायचं कसं?

पहिलं म्हणजे वाळकं शेवाळ आणा. मराठीत एकच अडचण आहे. आपण डबक्यातल्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमलीलाही शेवाळ म्हणतो. आपल्याला हवी ती भिंतीवरची मखमल, जिला बारीक पानं असतात, म्हणजे मॉस. झाडावरचं दगडफूल ही तिसरीच गोष्ट, पण त्यातही हे प्राणी राहतात. (काळ्या मसाल्यात जातं ते दगडफूल भाजलेलं असतं, काळजी नसावी.) ऐतिहासिक वास्तूचे दगड खरवडू नका, घराची कंपाउंडची भिंत किंवा जुनं कौल पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पावसाचं किंवा शिळं पाणी घ्या. काही तासांनी शेवाळ पिळा, थेंब काचेवर घ्या.

थेंबात गर्दी असते, सगळेच रोटिफर नसतात. आठ पाय असलेला, अस्वलासारखा डुलत चालणारा दिसला तर तो टार्डिग्रेड. चाबकासारखा नुसता तडफडतोय तो सूत्रकृमी. काचेवरून जळूसारखा चालतोय, म्हणजे पुढचं टोक टेकवतो, मागचं ओढून आणतो, तो आपला माणूस. शेवाळातल्या या गटाचं नावच बीडेलॉइड, ग्रीकमध्ये बीडेला म्हणजे जळू. अंगाच्या मध्यावर काहीतरी धडधडताना दिसेल. बघणारा हमखास म्हणतो, हृदय! हृदय नाही, तो जबडा आहे. खाणं दळतोय.

इथून पुढं ओळख पटवायची तर प्राणी जिवंत आणि चालता-खाता असावा लागतो. हीच या प्राण्याची सगळ्यात मोठी कटकट. फुलपाखरू पिन टोचून ठेवता येतं, झाडाचं पान दाबून ठेवता येतं. रोटिफरला मारायला औषध टाकलं की तो आकसून गोळा होतो आणि सगळे गोळे सारखेच दिसतात. त्यामुळं संग्रहालयात बाटल्या भरून ठेवल्या तरी उपयोग थोडा.

मग बघायचं काय? आधी डोळे. काहींना दोन लाल ठिपके असतात. ते मानेच्या जरा मागं, मेंदूवर असतील तर बहुधा फिलोडिना. पुढं सोंडेच्या टोकावर असतील तर रोटारिया, पण हा जास्त करून पाण्यात राहणारा. ल्युवेनहॉकच्या पन्हाळीतला प्राणी फिलोडिनाच असावा असा बऱ्याच जणांचा कयास आहे. ठिपके नसतील तर पायाकडं जा. चालताना पाय टेकला की टोकाला बोटं बाहेर येतात, क्षणभरच. फिलोडिनाला चार, मॅक्रोट्रॅकेलाला तीन. बोटांऐवजी चिकटायची गोल चकती असेल तर म्नायोबिया. पोटात खाण्याच्या गोल गोल गोळ्या दिसल्या तर हॅब्रोट्रोका. आणि चाकं वर न काढता, जमिनीला तोंड लावून झाडू मारल्यासारखा फिरत असेल तर ॲडिनेटा. यापुढं नेमकी जात ठरवायची तर जबड्यातले दात मोजावे लागतात, आणि तिथं भलेभले तज्ज्ञही तासन् तास डोळे फोडतात. तुम्हाला पहिल्याच दिवशी वंश ओळखता आला तरी खूप झालं.

अजून एक नवल ऐका. या बीडेलॉइड गटात साडेचारशेच्या वर जाती नोंदवल्या आहेत, आणि एकातही आजपर्यंत नर सापडलेला नाही. सगळ्या माद्या. आई स्वतःच्या जोरावर मुली काढते, त्या मुली पुढं मुली काढतात, हे लाखो वर्षं चालू आहे.

ल्युवेनहॉकनंतर हा वाळून जगण्याचा प्रकार बराच काळ वादात राहिला. इटलीच्या स्पालान्झानीनं अठराव्या शतकात तेच प्रयोग पुन्हा केले. १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये भांडण इतकं पेटलं की निकाल लावायला समिती बसवावी लागली. वाळलेला प्राणी मेलेला की जिवंत, हा प्रश्न त्यांनाही पुरता सुटला नाही. नंतर स्कॉटलंडच्या जेम्स मरे यानं शेवाळातल्या रोटिफरांचा नादच लावून घेतला. १९०६ मध्ये त्यानं आपल्या सिक्कीम हिमालयातल्या रोटिफरांवर लिहिलं, मग शॅकलटनच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन तिथल्या बर्फातले रोटिफर गोठवून, वितळवून पाहिले. १९१४ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या दुसऱ्या मोहिमेत तो बर्फातच बेपत्ता झाला. आणि २०२१ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून सुमारे २४ हजार वर्षं जुना रोटिफर काढला. तो उठला, आणि त्याला मुलीही झाल्या. वंश कुठला, तर ॲडिनेटा. झाडू मारणारा.

आता म्हाताऱ्याचा शेवट.

नव्वदीतही तो पत्रं लिहीत होता. शेवटच्या आजारात त्याच्या छाती-पोटामधला पडदा आपोआप उडायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची धडधड. याला पटेना. हृदयाच्या ठोक्याशी ते जुळत नव्हतं, त्यानं मोजून पाहिलं होतं. त्यानं त्याचंही वर्णन लंडनला धाडलं. आज त्या दुर्मीळ आजाराला त्याचंच नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ रोजी तो वारला. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरलं. मारियानं तिथं बापाचं स्मारक उभारलं.

त्यानं शिष्य केला नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं सुचवलं होतं की तरुण मुलांना भिंगं घासायला, बघायला शिकवा, शाळा काढा. यानं नकार दिला. पैसा किंवा नाव मिळवायला येणारे येतील, बघायची चिकाटी कुणात नसेल, असं काहीसं त्याचं मत. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी चूक हीच. कारण तो गेला आणि त्याच्यासोबत ती कलाही गेली. जिवाणू त्याच्याइतके स्पष्ट बघायला जगाला पुढं शंभरएक वर्षं थांबावं लागलं.

जाताना त्यानं चांदीचे २६ मायक्रोस्कोप रॉयल सोसायटीला दिले होते. ते एकोणिसाव्या शतकात हरवले. बाकीचे मारियानं जपले. १७४५ मध्ये ती वारली आणि दोन वर्षांनी साडेतीनशेच्या वर यंत्रं लिलावात निघाली, त्यातली बरीच धातूच्या भावात गेली असावीत. आज जगात मोजून दहा-बारा उरली आहेत. ती उघडून बघता येत नाहीत, मोडतील म्हणून.

पण २०२१ मध्ये डच शास्त्रज्ञांनी एक शक्कल काढली. न उघडता, न्यूट्रॉनचा झोत सोडून आतलं भिंग पाहिलं. एका यंत्रातलं भिंग घासून केलेलं निघालं. उट्रेक्टच्या त्या सगळ्यात ताकदवान यंत्रात मात्र निघाला एक इवलासा काचेचा गोळा. काचेचा बारीक धागा ज्योतीत धरायचा, टोक वितळून मणी होतो, तो मणी म्हणजेच भिंग. जी युक्ती या माणसानं पन्नास वर्षं जगापासून लपवली असं सगळे मानत होते, ती रॉबर्ट हूकनं १६६५ मध्येच आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापून टाकली होती.